फोन हातातून काढून घेऊ नका: बटणाचा मोबाईल शिकताना आलेले अनुभव

आईला बटणाचा फोन घेऊन दिला तेव्हा दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. वाजला की हिरवं दाबायचं, बोलून झालं की लाल. बाकी काही लागलं की ती फोन माझ्यापुढे करायची. मी तो तिच्या हातातून घ्यायचो, दोन सेकंदांत काम उरकून परत द्यायचो. तीन वर्षं असं चाललं. मला वाटायचं मी मदत करतोय.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. आई घरात एकटी, मी पुण्यात. वीज गेली, मग रेंज गेली. ती माळ्यावर जाऊन बसली. रात्री तिने फोनची बॅटरी लावून खिडकीत धरली. वरची कळ दोनदा दाबली की उजेड पडतो, हे तिला शेजारच्या सातवीतल्या मुलीने शिकवलं होतं, मी नाही. समोरच्या इमारतीतल्या लोकांना उजेड दिसला, माळ्यावर कोणीतरी आहे हे कळलं आणि त्यांनी सकाळी होडी त्या बाजूला वळवायला लावली.

नंतर मी त्या मुलीला विचारलं, कसं शिकवलंस ग? म्हणाली, "काही नाही काका, आजींनाच दाबायला लावलं. दहा वेळा."

म्हणून हे आमंत्रण. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी साधा फोन कसा शिकलात? पहिली उपयोगाची गोष्ट कोणती सापडली, कुठे अडलं, कोणी सोडवलं? आपल्याकडे पाऊस, घाट, खाडी, जाणारी वीज आणि न येणारी रेंज, सगळंच फोन शिकवतं. मोठं लिहा, दोन ओळी लिहा, पण आपलं लिहा.

मालवण, मासे विकणाऱ्या आईची मुलगी

आईला अक्षरओळख नाही. पैसे, वजन, टोपलीचा हिशेब सगळं तोंडपाठ. फोन दिला तेव्हा म्हणाली, "माका वाचूक येणा नाय, माका ह्यां कसा जमतला?"

मी आधी नावं साठवून दिली. त्याचा उपयोग शून्य, कारण यादीतलं नाव वाचायला अक्षरं यायला हवीत. मग लक्षात आलं की तिला आकडे येतात. स्पीड डायल लावून दिलं. १ वर बहुतेक फोनांत व्हॉइसमेल असतो म्हणून २ पासून सुरुवात केली. २ म्हणजे जेटीवरचा भाऊ, ३ बर्फाचा कारखाना, ४ सुरमई घेणारं हॉटेल, ५ मी.

पहाटे चारला अंधारात आकडे दिसत नाहीत. तेव्हा तिचं बोट ५ वर ठेवलं. प्रत्येक फोनच्या पाचावर बारीक उंचवटा असतो, इतकी वर्षं फोन वापरून मला तो कधी जाणवला नव्हता. "आये, पाचार टिकली आसा. थयसून सरळ वर गेलंस की दोन." ती टिकली तिने अशी धरून ठेवली की आता बोलता बोलता, न बघता बोट जातं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. स्पीड डायलला कळ दाबून धरायला लागते, आणि ती दाबून लगेच सोडायची. जोरात दाबायची, पण सोडायची. "दाबून धर" म्हणजे किती वेळ हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, बांगडे मोजतंस तसा मनात एक, दोन, तीन मोज. त्या दिवसापासून चुकलं नाही. मासे कापून हात ओले असतात, तर आधी लुगड्याला बोट पुसते, मग टिकली शोधते, मग मोजते. भावाने फोन उचलला की पहिला प्रश्न, "काय गावला?"

देवगड, बागायतदार

मी हापूसच्या बागेसाठी हवामानाचे मेसेज घेतो. फेब्रुवारी-मार्चात ढग आले की मोहोरावर तुडतुड्यांची आणि करप्याची चिंता. पाऊस येणार हे आदल्या दिवशी कळलं तर फवारणी थांबवता येते, औषध आणि मजुरी वाचते.

एका मोसमात मेसेज यायचेच बंद झाले. त्याच महिन्यात गॅसचा ओटीपीही येईना. मी महिनाभर रेंजला दोष दिला, टेकाडावर जाऊन उभा राहिलो, सिम काढून पुसलं. पडद्यावर वर एक बारीक पाकीट लुकलुकत होतं. मला वाटलं, नवीन मेसेज आलाय असं ते सांगतंय. पुतण्या आला आणि म्हणाला, काका, हे पाकीट म्हणतंय की पेटी भरली. जागा नाही, म्हणून बाहेरचे मेसेज आत येत नाहीत.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यात काना-मात्राही मोजले जातात. म्हणून मराठीतला हवामानाचा सल्ला तीन-चार तुकड्यांत येतो आणि पेटी तेवढी लवकर भरते. चूक ना फोनची, ना माझ्या डोळ्यांची.

पुतण्याने मात्र स्वतः पुसून दिलं नाही. मला एकेक करून पुसायला लावलं, कुठला ठेवायचा हे मी ठरवायचं. आता दर अमावास्येला पेटी रिकामी करतो. मेसेजमधलं काही कळलं नाही तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारतो, तिथे मराठीतून बोलता येतं.

कणकवली

दोनच ओळी. गणपतीच्या गाडीचं वेटिंग बघायला पूर्वी स्टेशनवर जायचो. पीएनआर हे इंग्रजी अक्षरांत लिहून, जागा सोडून, तिकिटावरचे दहा आकडे १३९ वर पाठवायचे, उत्तर येतं. भाचीने शिकवलं, मी वाडीतल्या अकरा जणांना शिकवलं.

दापोली, सून

सासूबाई जुन्या सातवी पास. इंग्रजी अक्षरं ओळखतात, म्हणून मेसेज लिहायला शिकायचं ठरलं. कागदावर मोठ्या चौकटी काढल्या: २ मध्ये ए, बी, सी, ३ मध्ये डी, ई, एफ, ७ आणि ९ मध्ये चार-चार. एकाच कळीवरची दोन अक्षरं लागोपाठ आली की मध्ये थांबायचं. 'आई' लिहायला २, थांबा, परत २, मग ४ तीनदा. हे थांबणं त्यांना पटकन जमलं. जात्यावर बसायची सवय आहे, लय कळते, असं त्याच म्हणाल्या.

पहिल्यांदा एकट्या एसटीने माहेरी गेल्या तेव्हा पोचल्यावर 'आले' असा मेसेज करायचं ठरलं होतं. ह्यांच्या फोनवर आला इंग्रजी शब्द 'एबल'. आम्ही घाबरलो, फोन केला, तर त्या मजेत होत्या. झालं असं की फोनमधली शब्द ओळखणारी सोय चालू राहिली होती. 'आले'च्या कळा होतात २, २, ५, ३, आणि इंग्रजी 'एबल'च्याही अगदी त्याच. फोनला मराठी शब्द माहीत नाही, त्याने आपला ओळखीचा शब्द घातला. त्या म्हणत होत्या, माझंच चुकलं असेल. नाही हो आई, तुमच्या कळा एकूण एक बरोबर होत्या.

मेसेजच्या पर्यायांत जाऊन डिक्शनरी बंद केली. घरात कोणाला मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकवत असाल तर हे पहिल्या दिवशी करा. आमचे दोन महिने त्यात गेले, आणि त्या दोन महिन्यांत त्यांचा स्वतःवरचा विश्वास उगाच कमी झाला, याचं मला अजून वाईट वाटतं.

सावंतवाडी

मला दिसत नाही. मालवणच्या ताईंनी टिकलीचं लिहिलं ते वाचून दाखवल्यावर फार बरं वाटलं. माझं त्यात एक सांगणं: कळांचे आवाज बंद करू नका. प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा असतो. मी पेटी वाजवतो, त्यामुळे घरच्यांचे नंबर मला चालीसारखे पाठ आहेत. एक आकडा चुकला की कानाला खटकतं, मी लाल दाबतो आणि पुन्हा सुरू करतो. पाहुणे येतात, "टीं टीं काय लावलंय" म्हणून आवाज बंद करून जातात. त्यानंतर सेटिंगमध्ये परत पोचायला मला कोणाची तरी वाट बघावी लागते.

हर्णै, बोटीवरचा

समुद्रात आमची शाळा मिस्ड कॉलची. परतताना किनाऱ्याची रेंज लागली की एक रिंग म्हणजे बर्फ तयार ठेव, दोन म्हणजे टेम्पो बोलव, तीन म्हणजे रिकामे आलो. जुन्या जीएसएम टॉवरची पोच फार तर ३५ किलोमीटर, आणि बोटीवरून तेवढीही मिळत नाही. म्हणून कुठल्या वावात, म्हणजे किती खोल पाण्यात, पहिली दांडी येते हे प्रत्येक तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, लक्षात ठेवतो.

नव्या खलाशाला मी पहिला नंबर साठवायला लावतो तो १५५४, तटरक्षक दलाचा. दुसरा ११२, तातडीच्या मदतीचा. कळा लॉक असल्या तरी ११२ लागतो, हेही सांगतो. रेंजच्या बाहेर गेल्यावर दोन्हींचा उपयोग नाही, तिथे वायरलेस सेटच पाहिजे, हे सांगायला विसरत नाही. फोन आहे म्हणून वायरलेस न घेता जाणारी पोरं बघितली आहेत.

गुहागर

मावशीला फोन आला, "तुमचं पार्सल अडकलंय, हा नंबर फिरवा." चांदणी, आकडे, चांदणी, मग दहा आकडे. तिने फिरवला. तिचे सगळे कॉल दुसरीकडे जायला लागले आणि दोन दिवस आम्हाला वाटलं तिने फोन ठेवून दिलाय. ##००२# फिरवल्यावर सगळं वळवणं रद्द झालं. पैसे गेले नाहीत. गेले असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० वर ताबडतोब सांगायचं होतं. चांदणी आणि जाळी, म्हणजे * आणि #, या कळा काय करतात ते शिकवताना आपण सगळेच वगळतो. कृपा करून वगळू नका.

श्रीवर्धन

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं. घराची कौलं, नारळी, पोफळी, विजेचे खांब, सगळं आडवं. वीज यायला कित्येक आठवडे लागले. मोठे फोन दुसऱ्या दिवशी मेले. वाडीत चालू राहिला तो अण्णांचा बटणाचा फोन. अण्णांना त्याचं सगळं येत होतं, कारण रिकाम्या वेळात ते एकेक मेनू उघडून बघायचे. आम्ही हसायचो, हे लिहिताना लाज वाटते.

त्यांनी फोन बंद ठेवला. सकाळी आणि संध्याकाळी तेवढा चालू करायचे, टेकडीवर जाऊन. लोक रांगेत. पण नंबर कोणाला पाठ होते? सगळे मेलेल्या फोनांत. ज्यांनी सिममध्ये साठवले होते त्यांचं सिम अण्णांच्या फोनात घालून नंबर काढले. फोनच्या मेमरीत ठेवले होते त्यांचे अडकले. हा फरक आम्हाला त्या आठवड्यात समजला. सिममध्ये साधारण २५० नावं मावतात, घरच्यांची दहा तरी तिथे असू द्या. आणि वहीतही असू द्या.

रात्री अण्णा रेडिओ लावायचे. कानाची वायर जोडल्याशिवाय एफएम लागत नाही, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. वायर कानात न घालता खिडकीच्या गजाला गुंडाळायचे आणि स्पीकर चालू. दहा-बारा माणसं अंधारात बसून बातम्या ऐकायची.

वेंगुर्ले, बचत गट

इंटरनेट नसलेल्या फोनवर *९९# फिरवून बँकेतली शिल्लक बघता येते, पैसेही पाठवता येतात. मार्च २०२२ पासून साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही सोयही आली आहे, त्यात नुसता कॉल करून काम होतं. आमच्या गटातल्या काकी *९९# वर अडायच्या. पडद्यावरची यादी वाचून होईपर्यंत ती बंद व्हायची, मग पहिल्यापासून. त्या म्हणाल्या, वाचू नकोच, नुसते आकडे सांग. पोस्टकार्डावर उत्तरांचे आकडे क्रमाने लिहून दिले, पिन सोडून. पिन त्यांच्या डोक्यात. कार्ड डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय. गेल्या महिन्यात गटाचा हप्ता त्यांनी बसल्या जागी भरला आणि आम्हा सगळ्यांना चहा केला.

चिपळूण, आमंत्रण देणारा

सगळं आईला वाचून दाखवलं. मालवणच्या आईंचं दोनदा वाचायला लावलं. तिनेही पाचावरची टिकली शोधली.

काल शेजारच्या मुलीचा नंबर साठवायला बसलो. मी हात मांडीखाली घेतले होते. मध्येच आईने लाल दाबलं, सगळं पुसलं गेलं, माझा हात निघाला, परत आत घेतला. पाऊण तास लागला. नाव साठलं, पण शेवटचं अक्षर राहिलं आहे. ते तसंच ठेव म्हणाली. उद्या गजर लावायचा आहे, पहाटे पाचचा, काकडआरतीला.