आयटी कन्सल्टिंगमध्ये नवखे असताना नेमकं काय कामी आलं? अनुभव लिहा

भाची अंधेरीच्या सीप्झमधल्या एका कन्सल्टिंग कंपनीत रुजू होतेय. जावा, क्लाउड, पायथन अशी कोर्सची भलीमोठी यादी तिच्याकडे आहेच. क्लायंटसमोर बसल्यावर तुमचं कशावर निभावलं, तेवढं सांगा.

कांजूरकर
एक्सेल. हसू नका. एका बँकेचा डेटा जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये न्यायचा होता. शाखेतून आलेल्या फाइलमध्ये 16 अंकी खाते क्रमांक, आणि झाडून सगळ्यांचा शेवटचा अंक शून्य! कारण एक्सेल आकडा म्हणून 15च अंक धरतं, पुढे शून्य ठोकून देतं. कॉलम आधीच 'टेक्स्ट' केला नाही आणि फाइल सेव्ह केली, की मूळ अंक गेला तो गेला. बँक शाखेच्या आयएफएससी कोडचंही तसंच. 11 अक्षरांतलं पाचवं असतं शून्य, लोक बिनधास्त इंग्रजी 'ओ' टाकतात. डेटा आला की आधी डोळ्यांनी वाचायचा. मग किती नोंदी आल्या, किती गेल्या, शिलकेची बेरीज जुळते का, हे पाहायचं. काउंटरवरच्या काकू हे ताळा जुळवायचं काम आपल्यापेक्षा झटपट करतात. त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. मॅनेजर प्रोसेस कशी असायला हवी ते सांगतो, काकू ती कशी चालते ते सांगतात.

ऐरोली_साडेनऊ
मीटिंगची मिनिट्स. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. मेल त्याच संध्याकाळी गेला पाहिजे. मी तर ठाणे यायच्या आत लोकलमध्येच टाकते. यूएटीत, म्हणजे क्लायंट स्वतः सिस्टिम वापरून तपासतो तेव्हा, तो हमखास म्हणतो, "हे तर आम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतं." मेल असेल तर ती चेंज रिक्वेस्ट, म्हणजे वाढीव काम, धरली जाते. नसेल तर शनिवार-रविवार गेला.

खडूस_टेस्टर
सॉफ्ट स्किलचं पुराण पुरे. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, एसक्यूएल, पक्की नसेल तर गोड बोलून काय उपयोग? ग्राहकांच्या यादीला व्यवहार जोडताना लेफ्ट जॉइनऐवजी (त्यात सगळे ग्राहक राहतात) इनर जॉइन (त्यात दोन्हीकडे असलेलेच उरतात) लावला की वर्षभर व्यवहार न केलेला ग्राहक यादीतूनच गायब. क्लायंटला कळत नाही, ऑडिटरला कळतं.

दलाल_स्ट्रीट
दोन्ही बरोबर, पण धंदा कळायला हवा. ब्रोकरचं काम असेल तर सौदा झाल्यापासून शेअर डीमॅटमध्ये पडेपर्यंत काय काय होतं, ते कागदावर काढून बघा. जानेवारी 2023मध्ये सेटलमेंट पूर्णपणे टी प्लस वन झाली, म्हणजे सौद्याचे शेअर आणि पैसे पुढच्याच कामाच्या दिवशी. त्यात नुसतं कोडिंग येऊन भागत नव्हतं. रात्री एकगठ्ठा चालणारी कुठली प्रक्रिया (बॅच) किती वाजेपर्यंत संपायलाच हवी, हे बॅक ऑफिसवाल्यांना विचारावं लागायचं.

धागाकर्ती
भाची विचारतेय, क्लायंटनं विचारलेलं येत नसेल तर?

ऐरोली_साडेनऊ
"बघून उद्या 11पर्यंत कळवते" म्हणायचं. आणि 11ला मेल टाकायचाच, उत्तर सापडलेलं नसलं तरी. "हो सर, होऊन जाईल" मात्र मॅनेजरनं टेबलाखालून पाय मारला तरी म्हणू नये. रात्री बसायचंय तिलाच.