साल्सोलने बारा इंची 'शोधली' म्हणे

सुईदोरा: काल कुणीतरी ठोकून दिलं की बारा इंची सिंगल, म्हणजे एका गाण्याची मोठी तबकडी, साल्सोल या रेकॉर्ड कंपनीने शोधली आणि डिस्को तिथून सुरू झाला. राहवलं नाही. केयर बंधूंनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कला हे लेबल (रेकॉर्ड कंपनी) काढलं. आधी त्यांचा धंदा लॅटिन रेकॉर्डी वितरणाचा. नाव गायक जो बटानच्या अल्बमवरून उचललं. वादक फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओतले: ड्रम्सवर अर्ल यंग, बेसवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस, मोट बांधायला व्हिन्स मॉन्टाना. ही मंडळी गॅम्बल-हफ या निर्माता जोडीकडे आधीपासून वाजवत होतीच. आयत्या बिळावर नागोबा! आणि मोठी सिंगल रीमिक्स करणाऱ्या टॉम मोल्टनच्या हाती योगायोगाने लागली. सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या म्हणून तबकडीवर चर कापणाऱ्या होझे रॉड्रिगेझने दहा इंचीवर गाणं कापलं; चर एवढ्याशा पट्ट्यात मावले, म्हणून ते पसरवले, आवाजाची पातळी चढवली, आणि आवाज दणदणीत निघाला.

खर्ज: योगायोग मान्य. पण तो डीजेंच्या पिशवीत राहिला असता. १९७६ मध्ये 'टेन पर्सेंट' ही बारा इंची सिंगल दुकानात गिऱ्हाइकाला विकायला ठेवली ती साल्सोलने. वॉल्टर गिबन्सने चार मिनिटांचं गाणं जवळपास दहा मिनिटांचं केलं. क्लबमधल्या डीजेच्या हाती मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्य वेगळं असलेली मूळ टेप) देणं हे तेव्हा धाडस होतं, साहेब.

लेथवाला: दोघेही लांबीवर अडलात. मुद्दा जागेचा आहे. मिनिटाला ४५ फेऱ्यांवर सात इंचीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ४० सेंमी चर सरकतो, बारा इंचीवर ६९ च्या आसपास. बेसची लाट रुंद असते. चरांत अंतर नसेल तर शेजारच्या चरात घुसते. म्हणून सात इंचीवर चार-पाच मिनिटांपुढे गेलात की पातळी उतरवावीच लागते.

खर्ज: मग बारा इंचीवर काहीही कापा, चालेल?

लेथवाला: उचलली जीभ लावली टाळ्याला. बेस दोन्ही चॅनेलला उलट फेजमध्ये (एकीकडे लाट वर, दुसरीकडे खाली) असेल तर कापणारी सुई वर-खाली जाते, चर उथळ होतो आणि वाजवताना सुई उडी मारते. म्हणून साधारण १५० हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही चॅनेलला सारखं. शिवाय मध्याकडे चराचा वेग घटतो, तिथे अर्ल यंगच्या उघड्या हाय-हॅटचा (झांजांच्या जोडीचा) आवाज फाटतो. गाणं लेबलच्या फार जवळ संपवू नये, ते याचसाठी.

सुईदोरा: धागा लेबलवर होता, लेथवर (चर कापायच्या यंत्रावर) नाही.

लेथवाला: लेबलचा आवाज लेथशिवाय समजत नाही, आणि तुम्ही लेथ फोटोतच पाहिली असणार.

टिपकागद: भांडा, भांडा. वारसा पाहायचा तर कोर्टात पाहा. साल्सोलच्या 'लव्ह ब्रेक'मधला ०.२३ सेकंदांचा ब्रासचा ठोका मॅडोनाच्या 'व्होग'मध्ये वापरला, असा दावा होता. 'व्होग' करणारा शेप पेटिबोन, 'लव्ह ब्रेक'वरही त्याचाच हात! २०१६ मध्ये नवव्या सर्किटने (अमेरिकेतलं अपील कोर्ट) तो वापर नगण्य ठरवला. सहाव्या सर्किटने २००५ मध्ये दुसऱ्या खटल्यात नेमकं उलट सांगितलं होतं. आणि लोलिअ‍ॅटा हॉलोवेचा साल्सोलच्याच 'लव्ह सेन्सेशन'मधला आवाज ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाने १९८९ मध्ये विनापरवानगी घेतला, त्याचं काय?

सुईदोरा: बरं बाबा, दुकानात आणली साल्सोलने. 'शोधली' मात्र खोडा. आणि सिग्मातल्या वादकांची नावं वर लिहा, लेबलचं त्यांच्या खाली.

खर्ज: नागोबाला वारूळ मिळालं म्हणायचं!