कमी पैशांत सबवूफर: डिकीत की सीटखाली?

मंद्रस्वर

गाडीत सब (सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) बसवायचा म्हटलं की लोक आधी कंपनी आणि वॉट विचारतात. खिशाला मर्यादा असेल तर आधी जागा ठरवावी, असं माझं ठाम मत आहे. जागेवरून बॉक्स (सब ज्यात बसवतात ती पेटी) ठरतो, बॉक्सवरून सब आणि सबवरून अ‍ॅम्प (सबला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर). उलट्या क्रमाने गेलं की उरेल त्या कोपऱ्यात सब कोंबला जातो आणि पैसे खर्चूनही बेस, म्हणजे खालच्या सुरांचा आवाज, मिळत नाही.

माझं म्हणणं एवढंच: बजेट मोजकं असेल तर डिकीत एकच दहा इंची सब, बंद बॉक्समध्ये. सीटखाली सरकवायचे चपटे सब घेऊ नयेत.

खालचा आवाज म्हणजे ढकललेली हवा. ८० हर्ट्झवर (सेकंदाला ८० कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा) जेवढा आवाज येतो तेवढाच ४० हर्ट्झवर काढायचा तर चौपट हवा हलवावी लागते. दहा इंची कोनचं (सबच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याचं) क्षेत्रफळ साधारण ३३० ते ३५० चौरस सेंटीमीटर असतं, आठ इंचीचं २०० ते २२०. त्यात चपट्या सबला खोलीच नसते, त्यामुळे कोन पुढेमागे फार सरकत नाही. सरकायलाच जागा नसेल तर वाढवलेले वॉट फक्त सबमधली तारेची गुंडाळी (कॉइल) तापवतात.

बंद बॉक्सच का, तर गाडीची केबिन स्वतः मदत करते. ४० हर्ट्झची लाट जवळपास साडेआठ मीटर लांब असते. ती केबिनमध्ये मावत नाही, म्हणून सब आतल्या सगळ्या हवेचा दाबच खालीवर करतो आणि आवाज वाढतो. अडीच-पावणेतीन मीटरच्या केबिनमध्ये हे साधारण ६५ हर्ट्झच्या खाली सुरू होतं. कागदावर ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबल. पत्रा लवतो, फटी असतात, म्हणून प्रत्यक्षात कमी मिळते. बंद बॉक्सचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरतो. एकाची घट दुसरं भरून काढतं, तेही फुकट. पोर्टचा, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेला बॉक्स, ट्यूनिंगच्या (ती नळी ज्या सुराला जुळवलेली असते त्याच्या) खाली २४ डेसिबलने कोसळतो, जागा जास्त खातो आणि माप चुकलं की एकाच सुरावर घुमत राहतो. दहा इंचीला बंद बॉक्स बहुतेक वेळा २० लिटरच्या आसपास पुरतो.

सामानसुमान

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

डिकी रिकामी असते हे तुम्ही गृहीत धरलंत. ज्याची गाडी एकच आहे आणि जो त्याच गाडीतून सामान, मुलांची सायकल, आजीची व्हीलचेअर नेतो, त्याला २० लिटरचा बॉक्स म्हणजे रोजची अडचण. आठवड्यातून दोनदा उचलून बाहेर ठेवावा लागला की महिनाभरात तो घरीच राहतो.

खर्चाचा हिशेबही तुम्ही अर्धाच मांडलात. सीटखालच्या सबमध्ये अ‍ॅम्प आतच असतो. वेगळा अ‍ॅम्प नाही, बॉक्स नाही, बॉक्सची कारागिरी नाही. वायरही आखूड लागते. उरलेल्या पैशांत दाराच्या पत्र्यावर ब्यूटिलच्या (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या रबरी) शीट चिकटवा. त्याने दारातले स्पीकर जेवढे सुधारतात तेवढं कुठल्याच सबने सुधारत नाहीत.

आणि ऐकतो काय आपण? चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झचा आहे, पण त्याचा बराचसा जोर दुप्पट कंपनांवर, म्हणजे ८२ हर्ट्झला असतो. ड्रमच्या किकचा दणका बहुधा ५० ते ८० च्या दरम्यान. आठ इंची सब इथे नीट काम करतो. काच थरथरावी ही प्रत्येकाची गरज नाही.

मंद्रस्वर

व्हीलचेअरचा मुद्दा मान्य. तिथे डिकी मागूच नये.

पण सीटखालची जागा दिसते तेवढी मोकळी नसते. सीट पुढेमागे सरकते, उंची बदलत असेल तर खालीही येते. एसीची हवा मागे नेणारा डक्ट बऱ्याच गाड्यांत तिथूनच जातो. एअरबॅग आणि सीटबेल्टच्या पिवळ्या कनेक्टरच्या वायरीही तिथेच असतात. सबच्या कोपऱ्याने ती वायर घासली किंवा कनेक्टर ढिला झाला तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. ज्याला हे माहीत नाही त्याने तिथे हात घालू नये. ओल्या बुटांचं पाणीही कार्पेटमध्ये तिथेच मुरतं.

तारजोड

दोघेही एक गोष्ट सोडून बोलताय: गाडी कुठली? मी लोकांच्या गाड्यांत हे बसवून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हॅचबॅकची डिकी केबिनचाच भाग आहे. वर ट्रे असतो तो पुठ्ठ्याचा, बेसला तो अडवत नाही. तिथे मंद्रस्वर म्हणतात तसा बॉक्स पहिल्या दिवसापासून वाजतो. सेडानमध्ये डिकी आणि केबिन यांच्यामध्ये पत्रा, सीटचा फोम आणि मागचा डेक (मागच्या काचेखालचा पत्र्याचा सपाट भाग) असतो. बॉक्स तोच, अ‍ॅम्प तोच, तरी पुढे बसणाऱ्याला निम्मंच ऐकू येतं आणि डिकीचं झाकण मात्र बाहेर खडखडत राहतं. सेडानवाल्यांनी आधी बघावं की मागचा आर्मरेस्ट उघडल्यावर डिकीत हात जातो का. जात असेल तर आवाजालाही वाट आहे.

आता तोंड कुठे करायचं. बहुतेक जण बॉक्स सीटच्या पाठीला टेकवतात आणि सबचं तोंड मागे करतात. मग सब आणि टेललाइटच्या पत्र्यामध्ये जवळपास मीटरभर अंतर राहतं. आवाज मागे जाऊन परत येईपर्यंत दोन मीटर चालतो. ८५ हर्ट्झच्या लाटेची ती अर्धी लांबी आहे, म्हणजे परतलेला आवाज मूळ आवाजाच्या नेमका उलट पडतो आणि त्या जागी बेसमध्ये खड्डा पडतो. तोच बॉक्स मागे सरकवून पत्र्यापासून ३० सेंटीमीटरवर आणा. खड्डा २८० च्या वर जातो आणि तिथे सब वाजतच नाही. या बदलाला पैसा लागत नाही, बॉक्स ढकलायला दोन हात लागतात. गाडीगणिक फरक पडतो, म्हणून पक्का करण्याआधी दोन-तीन जागी ठेवून, तोंड फिरवून, ड्रायव्हर सीटवर बसून ऐका. डिकी बंद करून. डिकी उघडी ठेवून ऐकलेलं काहीच खरं नसतं.

मोकळीहवा

सेडानवाल्यांसाठी बॉक्सच नको, असा माझा आग्रह. मागच्या डेकला सब लावा, सगळी डिकी हाच बॉक्स. लाकूड वाचलं, डिकीतली जागा वाचली आणि तारजोड म्हणतात ती वाटेची अडचणही मिटली, कारण कोन थेट केबिनमध्येच वाजतो.

तारजोड

तत्त्व बरोबर, पण तो मार्ग स्वस्त नाही. एकतर त्यासाठी सबच वेगळा लागतो. पेटीशिवाय वाजायचं तर त्याचा क्यूटीएस (कोन स्वतःच किती आवरला जातो ते सांगणारा, सबच्या माहितीपत्रकातला आकडा) साधारण ०.६ किंवा जास्त हवा. बॉक्ससाठी बनवलेले सब बहुतेक ०.५ च्या खालचे असतात, ते तिथे खालचे सूर नीट देत नाहीत, पातळ वाजतात. दुसरं, डेकचा पत्रा पातळ आणि भोकाभोकांचा. कोनच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की बेस गेला. म्हणजे एकूण एक भोक बुजवा, जाड प्लाय बसवा, त्यावर शीट चिकटवा. बॉक्सचं वाचलेलं लाकूड इथे खर्ची पडतं, मजुरी वर. आणि पत्रा कापला की तो परत जुळत नाही.

लांबचा_पल्ला

स्टेपनीच्या खड्ड्यात बसवा, हा सल्ला कुणी द्यायच्या आधीच लिहितो: देऊ नका. स्टेपनी काढून सब ठेवायचा आणि आडरानात पंक्चर झालं तर फोन करत बसायचं, हा सौदा मला पटत नाही. स्टेपनीच्या पोकळ जागेत बसणारे गोल सब मिळतात, त्यांचा विचार करा. पण रबर सील गेलं की पाणी पहिलं तिथेच साचतं हे तपासा.

त्याहून महत्त्वाचं कुणीच लिहिलं नाही. लाकडी बॉक्स, सब आणि अ‍ॅम्प मिळून वजन १५-२० किलो भरतं. हॅचबॅकमध्ये ते मोकळं ठेवलं आणि गाडी कुठे धडकली तर मागच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीत येतं. पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने बांधाच. स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा. मागच्या भागात पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात. बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरवर फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. अ‍ॅम्पजवळच्या फ्यूजने वाटेतल्या वायरीचं रक्षण होत नाही. पैसे कमी आहेत म्हणून यातलं काही गाळायचं असेल तर सब पुढच्या वर्षी घ्या.

नवा_चालक

माझी हॅचबॅक आहे. मागची सीट रोज वापरात, डिकी मात्र फक्त गावाला जाताना भरते. दारात कंपनीने दिलेले पाच इंची स्पीकर. ते तूर्त बदलणं जमणार नाही. कुणाचं ऐकू?

सामानसुमान

पाच इंची म्हटल्यावर माझं. ते स्पीकर ८० हर्ट्झपर्यंत जोरात उतरणार नाहीत, क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचं सब आणि वरचं दारातले स्पीकर वाजवतात ती सीमा) १०० ते १२० ला न्यावा लागेल. ८० च्या खाली आवाज कुठून येतो ते कानाला फारसं कळत नाही, १२० ला कळतं. सब डिकीत असेल तर गायक पुढे आणि ठेका पाठीमागे असं होईल. सीटखाली तो पुढच्या स्पीकरच्या जवळ राहतो.

मंद्रस्वर

मी तरीही डिकीच सांगेन. डिकी वर्षात मोजक्या वेळा भरते, तेव्हा बॉक्स काढून ठेवता येतो. कनेक्टर निघणारा लावून घ्या. क्रॉसओव्हर ९० ला ठेवा, उतार (त्या सीमेपलीकडे आवाज किती झपाट्याने कमी व्हावा ते) दर सप्तकाला २४ डेसिबलचा निवडा. मधे थोडी पोकळी राहील, ती दारातले स्पीकर बदलाल तेव्हा भरेल. सीटखालचा सब घेतलात तर स्पीकर बदलल्यावर सबही बदलावासा वाटेल, म्हणजे खर्च दोनदा.

तारजोड

नवा_चालक, मागची सीट रोज भरलेली असते म्हणालात, तर ट्रेचा आणि नंबरप्लेटचा खडखडाट आधी बंद करा. सब मागे आहे हे पुष्कळदा त्या खडखडाटावरूनच कळतं, खुद्द बेसवरून नाही. दोन्ही बाजूंना चिकटणारी फोमची पट्टी पुरते.

जागा कुठलीही घ्या, फेजचं बटण (सबच्या कोनची हालचाल उलटी करणारं) मात्र ऐकूनच ठरवा. डिकीतल्या सबचा आवाज पुढच्या स्पीकरपेक्षा उशिरा पोचतो, दर मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. तुम्ही ड्रायव्हर सीटवर बसा, संथ ठेक्याचं गाणं लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी ० आणि १८० मध्ये बटण फिरवायला सांगा, दर वेळी डिकी बंद करून. ज्या बाजूला ठोका जास्त भरीव लागेल ती ठेवा. आवाज त्यानंतर वाढवा.