पिशवी काढण्यापूर्वीची परवानगी: बीडचा नियम राज्यभर असावा का?

गोदाकाठ:
बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींत एक. देशभरात १५ ते ४९ या वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईला, अनेकदा गोळ्यांनी भागण्यासारखे असतानाही, ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असे सांगून टेबलावर घेतले जात असे. त्यानंतर खासगी रुग्णालयांवर जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन आले. ते राज्यभर असावे, असे माझे मत आहे.

तालुक्याचा डॉक्टर:
असहमत. गाठींमुळे सतत रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन सहावर आलेल्या रुग्णेने जिल्ह्याच्या शिक्क्याची वाट पाहायची का? शिवाय परवानगी देणाऱ्यासमोर बाई नसते, कागद असतो, आणि ज्याला पैसेच काढायचे आहेत त्याला तो हवा तसा लिहिता येतो.

माजलगावकर:
आपण दोघेही दवाखान्यातच अडकला आहात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडप्याचा मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरतात. एक खाडा पडला की पाचशे रुपये कापले जातात. फडावर ना न्हाणीघर, ना शौचालय. अशा ठिकाणी पाळीची कटकटच नको म्हणून बाई स्वतःहून ‘पिशवी काढा’ म्हणते, आणि त्या खर्चासाठी पुन्हा उचल घेते. शल्यचिकित्सकांनी नाही म्हटल्याने तिचा खाडा माफ होणार आहे का?

गोदाकाठ:
खाड्याचा मुद्दा बिनतोड आहे. पण बाई मागते म्हणून काढली, हे डॉक्टरने सांगू नये. पिशवीसोबत अंडाशयेही काढली, तर तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात, हे तिला आधी कोणी सांगितले होते? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, गरज नसताना पिशवी काढणे रोखण्यासाठीची केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारावीत, असे राज्यांना बजावले, ते उगाच नव्हे. कागदावर भरवसा नसेल, तर काढलेल्या प्रत्येक पिशवीचा पॅथॉलॉजी अहवाल तपासावा.

तालुक्याचा डॉक्टर:
तो अहवाल जरूर तपासावा, माझाही तपासावा. आणि ज्याच्याकडे निरोगी पिशव्यांची रांग लागेल, त्याची नोंदणी रद्द करावी. मात्र तेवढे करणार असाल, तर आधीची परवानगी कशासाठी हवी, हे मला अजून पटलेले नाही.

गोदाकाठ:
कारण अहवाल येईपर्यंत पिशवी बरणीत गेलेली असते.