मित्रांच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये ट्रेडवर मतदान असावं का?

एडिसनकर

मंडळी, येत्या मार्चमध्ये आमच्या फँटसी बेसबॉल लीगचा दहावा लिलाव आहे. न्यू जर्सीतले बारा मित्र, त्यात नऊ मराठी. लिलावाआधी ट्रेडचा, म्हणजे दोन संघांतल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचा, एक नियम बदलायचा आहे आणि त्यावरून आमच्यात सरळ दोन तट पडलेत. कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, मी आहे. इथे अशा लीग चालवणारे बरेच आहेत, म्हणून विचारतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खऱ्या मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचे, खेळाडू लिलावात घ्यायचे. प्रत्येकाकडे लुटुपुटीचे २६० डॉलर, त्यात २३ खेळाडू बसवायचे. ते खेळाडू मोसमभर मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्याला. गुण दहा रकान्यांत मोजतात: फलंदाजीचे पाच, पिचिंगचे (म्हणजे गोलंदाजीचे) पाच. हे २६० आणि २३ चं गणित १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या रॉटिसरी लीगपासून चालत आलंय. तिथे जिंकणाऱ्याच्या डोक्यावर यू-हू नावाचं चॉकलेटी पेय ओतायचे. आमच्याकडे मसाला ताक ओततो.

आमची लीग 'कीपर' आहे, म्हणजे प्रत्येकाला चार खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येतात, जुन्या किमतीत पाच डॉलर वाढवून. प्रवेश फी खरी, शंभर डॉलर. आणि नियम असा की ट्रेड झाला की ४८ तास मतदान खुलं, पाच जणांनी विरोधात बटण दाबलं तर ट्रेड रद्द. कोणी दाबलं ते दिसत नाही.

गेल्या वर्षी ८ ऑगस्टला शेवटच्या क्रमांकावरच्या मित्राने टारिक स्कूबल आणि काइल श्वार्बर दिले आणि बदल्यात एकटा निक कर्ट्झ घेतला. समोरचा पहिल्या क्रमांकावर होता, आणि तो याचा मेहुणा. नुसत्या नावांवर पाहिलं तर हा ट्रेड दिवसाढवळ्या लूट वाटतो. स्कूबल म्हणजे सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोन वर्षं लागोपाठ जिंकलेला पिचर, श्वार्बरने मोसमात ५६ होमरन (बेसबॉलमधले षटकारच) मारले. कर्ट्झ तेव्हा २२ वर्षांचा, पहिल्याच मोसमातला.

पण किंमत बघा. स्कूबल त्याच्याकडे ३४ डॉलरचा, श्वार्बर २४ चा. राखायचे तर ३९ आणि २९, म्हणजे बाजारभावच. कर्ट्झ एप्रिलच्या शेवटी ७ डॉलरला उचललेला, पुढच्या वर्षी १२ ला राखता येणारा. २५ जुलैला ह्यूस्टनमध्ये त्याने एकाच सामन्यात सहा पैकी सहा हिट आणि चार होमरन मारले होते. खुल्या लिलावात तो ३५ च्या खाली कुणाच्या हाती लागणार नाही. २६० मधले २३ डॉलर वाचणं म्हणजे एक चांगला पिचर जास्तीचा. तळाला असलेल्या माणसाने दुसरं काय करायचं?

सहा जणांनी बटण दाबलं. ट्रेड रद्द. मी मत दिलं नाही, कमिशनरने देऊ नये असं मला वाटतं. पण थांबवलंही नाही, आणि ते मला आजही बोचतं.

हा मित्र लिलावाच्या दिवशी सकाळी सातला माझ्या बेसमेंटमध्ये येतो. पांढऱ्या फळ्यावर बारा रकाने आखतो. त्याची मुलगी खेळाडूंच्या नावांच्या चुंबकपट्ट्या लावत जाते. पहिल्या वर्षी ती सहा वर्षांची होती, आता पंधराची आहे. ट्रेड रद्द झाल्यावर त्याने लाइनअप लावणं सोडलं, दुखापत झालेले तिघे सप्टेंबर संपेपर्यंत संघात तसेच पडून होते. नोव्हेंबरमध्ये त्याने ग्रुप सोडला.

माझं मत पक्कं आहे: मतदान बंद. दोघांनी संगनमत केल्याचा पुरावा असेल तरच ट्रेड अडवायचा, नाहीतर ज्याचा संघ त्याचा निर्णय.

पुलहिटर

मी याच लीगमधला. त्या सहांपैकी एक. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगतो.

८ ऑगस्टला मी तिसरा होतो, पहिल्यापासून साडेचार गुण मागे. एप्रिलपासून रोज रात्री झोपण्याआधी उद्याचे पिचर तपासायचो, सोमवारी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये बोली लावायचो. आणि मोसमाचे सात आठवडे उरले असताना पहिल्या क्रमांकाच्या संघाला स्कूबल आयता मिळतो! त्याचे मोसमाचे आकडे बघा: २.२१ ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं), २४१ स्ट्राइकआउट (फलंदाज थेट बाद). असा पिचर आणखी नऊ-दहा वेळा त्याच्यासाठी चेंडू टाकणार म्हटल्यावर तीन रकान्यांत माझा निकाल तिथेच लागला.

तू म्हणतोस ज्याचा संघ त्याचा निर्णय. पण त्या निर्णयाचं बिल त्याने भरलं नाही, आम्ही भरलं. त्याला २०२६ हवं होतं. मी शंभर डॉलर २०२५ साठी भरले होते.

मेहुण्याचं म्हणशील तर त्यांनी आपसात काही शिजवलं असं मी एक क्षणही मानलं नाही. पण तो स्कूबल देणार आहे हे बाकी दहा जणांना माहीतच नव्हतं. मी माझा जेम्स वूड १५ डॉलरचा दिला असता. मला फोन आला नाही. जेवणाच्या टेबलावर ठरलेला सौदा आणि सगळ्यांसमोर मांडलेला सौदा यात फरक आहे की नाही?

एडिसनकर

फोनचा मुद्दा मान्य आहे. मग तू त्याला फोन का केला नाहीस? ४८ तास होते. "मला सांगायचं होतंस, माझ्याकडे वूड आहे" एवढंच. सहापैकी एकानेही केला नाही. त्याला सकाळी पावणेसहाला ईमेल आला की तुमचा ट्रेड लीगने फेटाळला. त्यात कारण नाही, नाव नाही.

सातवी_इनिंग

धागाकर्त्याशी अर्धा सहमत. मतदान नको, पण नुसता "संगनमताचा पुरावा" हाही फार कमकुवत बांध आहे. मित्रांत पुरावा कुठून आणणार? कमिशनरलाच अधिकार द्या.

मेजर लीगचा इतिहास हेच सांगतो. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीत, सामने विकल्याचं प्रकरण बाहेर आलं, लोकांचा विश्वास उडाला, तेव्हा मालकांनी १९२० मध्ये न्यायाधीश लँडिस यांना पहिले कमिशनर नेमून जवळपास निरंकुश अधिकार दिले. आणि तुमच्या प्रकरणासारखंच प्रकरण १९७६ चं आहे. ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी जो रुडी आणि रॉली फिंगर्स प्रत्येकी दहा लाख डॉलरला बॉस्टनला विकले, व्हायडा ब्लू पंधरा लाखांना यँकीजला. कमिशनर बोवी कून यांनी तिन्ही सौदे रद्द केले, कारण दिलं बेसबॉलच्या हिताचं. फिनली कोर्टात गेले आणि हरले. म्हणजे सौदा प्रामाणिक असला तरी सगळ्या लीगचा तोल बिघडत असेल तर थांबवणारा कुणीतरी लागतो. तो माणूस समोर दिसतो, त्याला कारण लिहून द्यावं लागतं. निनावी बटणापेक्षा हे लाख पटींनी बरं.

कोपऱ्यावरचा_बेस

कून यांचं उदाहरण दिलंत तर पूर्ण द्या. फिनलींना दिसत होतं की मोसम संपला की हे खेळाडू फ्री एजंट, म्हणजे करारातून मोकळे, होऊन जाणार, म्हणून ते वेळेत विकत होते. सौदे रद्द झाले, आणि रुडी व फिंगर्स त्याच हिवाळ्यात निघून गेले. ओकलंडच्या हाती दमडी लागली नाही. १९७२ ते ७४ लागोपाठ तीन वर्ल्ड सिरीज जिंकलेला हा संघ १९७७ मध्ये आपल्या विभागात तळाला, त्याच वर्षी जन्मलेल्या सिॲटल मरिनर्सच्याही खाली. संघाच्या भविष्याची काळजी करणाऱ्याचे हात बांधले की हे होतं. धागाकर्त्याच्या मित्राचंही हेच झालं.

आणि एक फरक तुम्ही सोडलात. कून यांचा स्वतःचा संघ नव्हता. फँटसी लीगच्या कमिशनरचा असतो. मेजर लीगने तोही प्रयोग केला आहे: १९९२ मध्ये मिल्वॉकीचे मालक बड सीलिग हंगामी कमिशनर झाले, दोन वर्षांत संप झाला आणि १९९४ ची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. सगळा दोष त्यांचा नाही म्हणतो मी, पण पंच म्हणून खेळाडूंनी त्यांच्यावर विश्वास का ठेवावा? आमच्या शिकागोच्या लीगमध्ये कमिशनरने एक ट्रेड अडवला तेव्हा तो स्वतः दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याचा हेतू स्वच्छ असेलही. लीग पुढच्या वर्षी भरली नाही.

अंजीर

मी टोरांटोत दहा जणींची आणि जणांची लीग चालवते, हे आठवं वर्ष. आमच्याकडे हाच वाद २०२१ मध्ये झाला आणि तेव्हा कळलं की व्हेटो कुणाकडे असावा हा प्रश्न नंतरचा. तळाच्या संघाला मोसम सोडून देणं परवडतं, ते आधी बंद करायला हवं.

आम्ही तीन गोष्टी केल्या. ट्रेडची मुदत १५ ऑगस्टवरून १५ जुलैच्या आसपास, मोसमाच्या मधल्या ऑल-स्टार सुट्टीवर आणली. तेव्हा तळातल्यालाही अजून आशा असते, त्यामुळे तो एवढ्या सहज स्कूबल सोडत नाही. दुसरं, शेवटून पहिला आला तर पुढच्या वर्षी २६० ऐवजी २५५ डॉलर. शेवटून चौथ्याला मात्र जादा पाच. या पाच डॉलरसाठी सप्टेंबरमध्ये आमच्याकडे सातव्या-आठव्या क्रमांकांत जी झुंज होते ती पाहण्यासारखी असते. तिसरं, विकायला काढलेला खेळाडू २४ तास आधी सगळ्यांसमोर जाहीर करायचा. पुलहिटर यांची तक्रार तिथेच मिटली असती.

पण एडिसनकर, तुमच्या प्रस्तावाला माझा विरोध आहे. हरकत घेण्याचा हक्क काढू नका. आमच्याकडे हरकत घेता येते, फक्त नाव लावून आणि कारण लिहून. चार वर्षांत दोन हरकती आल्या. एकदा हरकत घेणारीनेच बोलून झाल्यावर मागे घेतली.

डेपो_कोथरूड

बेसबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पण आम्ही आठ शाळासोबती पुण्यात आयपीएलची लिलाव-लीग एक्सेलवर चालवतो. पैसे कधीच नव्हते. गेल्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ड्रीम११ च्या पैशांच्या स्पर्धा बंद झाल्या, आमच्या शीटला धक्काही लागला नाही. तरी सांगतो, भांडणं तेवढीच होतात. त्यामुळे शंभर डॉलर काढून टाकले की प्रश्न सुटेल असं कुणी सुचवणार असेल तर तसं नाही.

आमच्या लीगमध्ये मतदान हात वर करून होतं, शनिवारी टपरीवर. समोर बसलेल्या मित्राच्या सौद्याविरुद्ध हात वर करायला आधी तोंड उघडावं लागतं. माझ्याविरुद्ध दोनदा हात वर झाले. राग आला, चहा संपेपर्यंत टिकला. मला वाटतं तुमच्याकडे ट्रेड रद्द झाला याचं दुःख कमी आहे, तोंडावर कुणी बोललं नाही याचं जास्त.

पुलहिटर

अंजीर यांची २४ तासांची अट मला पटते, नाव लावून हरकतही. पण १५ जुलै फार लवकर आहे. १६२ सामन्यांच्या मोसमात तेव्हा साठेक टक्केच खेळ झालेला असतो, खऱ्या लीगची मुदतही ३१ जुलैच्या आसपास असते. ती धरावी. आणि मतदानाचा हक्क माझ्याकडून पूर्ण काढून घेतला तर मी विरोधात मत देईन, हे इथेच सांगतो.

फोन मी करायला हवा होता. तेव्हा वाटलं, बटण आहे ना.

एडिसनकर

सगळ्यांचं वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. सातवी_इनिंग, अधिकार मला नको. मी गेल्या वर्षी चौथा होतो, कोपऱ्यावरचा_बेस म्हणतात ते बरोबर आहे.

काल रात्री त्याला फोन केला. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. तो पाऊण तास बोलला, आणि कर्ट्झचं नाव सुरुवातीला एकदाच घेतलं. बाकी सगळा वेळ एकच, की नऊ वर्षं ज्यांच्याबरोबर गणपतीला आरती म्हटली त्यांपैकी सहा जणांना मी मेहुण्याशी मिळून चोरी करेन असं वाटलं, आणि कोणते सहा ते मला माहीत नाही. तेव्हापासून देवळात, दुकानात प्रत्येकाकडे बघताना मनात तेच येतं.

पुलहिटर, तू चोरी मानली नव्हतीस हे मी त्याला सांगितलं नाही. ते तू सांग.

आज संध्याकाळी ग्रुपवर प्रस्ताव टाकतोय: निनावी बटण बंद, नाव आणि कारण लिहून हरकत, सात हरकती आल्या तरच ट्रेड रद्द, विकायचा खेळाडू २४ तास आधी जाहीर, मुदत ३१ जुलै. अंजीर यांचे पाच डॉलर पुढच्या वर्षी बघू. लिलाव २१ मार्चला, शनिवारी. त्याने येतो असं म्हटलेलं नाही. मुलीने मात्र विचारलंय की यंदा चुंबकपट्ट्या नव्या छापायच्या का.

पुलहिटर

त्याचा जुना नंबरच आहे ना? आता करतो.