विटा रचणारा रोबो नको, रेषा मारणारा हवा

ओळंबा (धागाकर्ता)

बांधकामातल्या रोबोंचा विषय निघाला की लगेच विटा रचणारं यंत्र दाखवतात. ऑस्ट्रेलियातलं हॅड्रियन एक्स ट्रकवरून ३२ मीटर लांब हात बाहेर काढतं आणि सिमेंटच्या मालाऐवजी चिकटद्रव्य लावून ठोकळ्यांची भिंत उभी करतं. बघायला झकास. पण त्याच्याआधी अमेरिकेत आलेला 'सॅम' आठवा. तो विटा ठेवायचा खरा, पण शेजारी गवंडी उभाच. कोपरे त्याने करायचे, सांध्यातला जास्तीचा माल त्यानेच काढायचा.

माझं मत असं की फरक पडला तर तो मोजमाप करणाऱ्या यंत्रांनी पडेल. उघड्या स्लॅबवर भिंतींच्या रेषा छापत फिरणारं छोटं यंत्र आलं आहे. २०२० मध्ये अवजारं बनवणाऱ्या हिल्टी कंपनीने जायबॉट आणला, तो इमारतीच्या संगणकातल्या त्रिमितीय मॉडेलमधून जागा वाचून छताला भोकं पाडतो. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रं मॉडेलशी ताडून 'इथला पाइप राहिलाय' असं सांगणारी एआय प्रणाली आहे. दिसायला ही सगळी किरकोळ कामं. पण साइटवर पैसा जातो तो एकाने केलेलं दुसऱ्याने फोडण्यात. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २०१७ च्या अहवालात होतं की आधीच्या दोन दशकांत जगभरात बांधकामाची उत्पादकता वर्षाला जेमतेम १ टक्का वाढली, एकूण अर्थव्यवस्थेची २.८ टक्के. हे काय गवंड्याचा हात हळू चालतो म्हणून झालं?

जुना साइट इंजिनिअर

साफ असहमत. स्वतः भोगलेलं सांगतो. एका कामावर असंच रेषा मारणारं यंत्र आणलं. रात्रीत अख्खा मजला आखून मोकळं. टेप लावून पाहिलं तर दोन मिलिमीटरचाही फरक नाही. चौथ्या खोलीचं वीटकाम वर आलं तेव्हा कळलं की टॅबलेटमध्ये नकाशाची जुनी आवृत्ती होती. सगळं पाडलं.

हीच आखणी मुकादमाने सूत धरून केली असती तर तिसऱ्या रेषेला त्याने हाक मारली असती, "साहेब, पाइपांचा शाफ्ट इकडे आणि संडासाचं दार तिकडे, हे कसं काय?" यंत्र चुकीचा नकाशासुद्धा बिनचूक उतरवतं.

ओळंबा

हा दोष आवृत्ती सांभाळणाऱ्याचा आहे, यंत्राचा नाही. शिवाय तुमचा मुकादम प्रत्येक वेळी हाक मारतो असंही नाही. कित्येकदा तो "वरून आलंय ना, मारा" म्हणून पुढे जातो. आणि माणसाची आखणी पुसट असते, ती ताडून बघता येत नाही. यंत्राची चूक निदान सापडते तरी.

खांद्याचा धनी

तुम्ही दोघं नकाशावर भांडा. मी नऊ वर्षं छताला भोकं पाडली. हॅमर ड्रिल डोक्यावर, मान मागे, धूळ थेट तोंडावर. उजवा हात आता कानाच्या वर जात नाही. काँक्रीटच्या त्या धुळीत सिलिका असते. फुप्फुसात बसली की निघत नाही, सिलिकोसिस होतो. अमेरिकेने २०१६ च्या नियमात आठ तासांच्या कामासाठी मर्यादा ठेवली घनमीटर हवेत सरासरी ५० मायक्रोग्रॅम. आमच्या मास्कमधून दिवसाला किती गेली ते देव जाणे.

लिफ्ट बनवणाऱ्या शिंडलर कंपनीचा आर.आय.एस.ई. नावाचा रोबो लिफ्टच्या उभ्या विहिरीत लटकून बोल्टांची भोकं स्वतः पाडतो. त्या विहिरीत मी उतरलेलो आहे. ते काम यंत्राकडे गेलं म्हणून 'कारागिरी बुडाली' असं मला कुणी सांगू नये. त्यात कारागिरी नव्हतीच, नुसती झीज होती.

मधला बाक

खांदेपती, १०० टक्के पटलं. पण एक विचारतो, राग मानू नका. रोबो आल्यावर खांदा वाचला, रोजगार कुणी दिला?

खांद्याचा धनी

राग कसला. तो रोबो चालवायला माणूस लागतोच: जागेवर न्यायचा, सेटिंग करायचं, ड्रिलचं बिट बदलायचं. ती नोकरी भोकं पाडणाऱ्याला देतात की कॉलेजातून आलेल्या पोराला, त्यावर सगळं आहे. माझ्या जागी पोरगा आला. त्याला हे माहीत नव्हतं की ड्रिलचा आवाज बदलला म्हणजे आत सळई लागली. मीच दोनदा ओरडून थांबवलं.

पानं चाळणारा

थोडा मागचा हिशेब. हे सगळं नवं नाही. जपानमध्ये शिमिझू कंपनीने १९८३ मध्येच पोलादी सांगाड्यावर अग्निरोधक थर फवारणारा रोबो काढला होता. १९९० च्या दशकात शिमिझू आणि ओबायाशी यांनी त्याहून मोठा डाव टाकला. इमारतीच्या माथ्यावर छप्पर घातलेला कारखानाच बसवायचा, त्यातले क्रेन खांब-तुळया आपोआप जागेवर नेणार, मजला झाला की कारखाना जॅकने एक मजला वर. तंत्र चाललं. इमारती मात्र मोजक्याच झाल्या. मांडणी-उतरवणीचा खर्च अफाट, आणि तेवढ्यात जपानचा मालमत्तेचा फुगाही फुटला.

अलीकडे काजिमा कंपनीने जपानमधल्या नारुसे धरणाच्या कामावर डंपर, बुलडोझर आणि रोलर चालकाविना चालवले. मोकळी जागा, महिनोन्महिने तेच ते काम, मध्ये येणारी माणसं नाहीत. थोडक्यात, साइट कारखान्यासारखी असेल तिथे रोबो चालतो. इमारतीच्या आत एका खोलीत प्लंबर, वायरमन, टाइल्सवाला एकमेकांच्या पायावर पाय देत असतात, तिथे तो अडकतो. रोबोतज्ज्ञ हॅन्स मोराव्हेकने १९८८ मध्येच लिहून ठेवलंय की यंत्राला चेकर्ससारखा पटावरचा खेळ सोपा आणि वर्षाच्या पोराचं बघणं-चालणं अवघड. ओळंबा यांचा रेषावाला रोबो चालतो तो याचमुळे. रिकामी सपाट स्लॅब हा साइटवरचा एकमेव कारखाना.

(थ्रीडी प्रिंटरने छापलेल्या घरांबद्दल कुणी विचारण्याआधी: छापतात त्या भिंती. पाया, छप्पर, पाणी, वीज आहे तिथेच. वर खडी नसलेल्या मालाला सिमेंट जास्त लागतं. तो वेगळा धागा काढा.)

ओळंबा

'एकमेव कारखाना' आवडलं, उसनं घेतो. पण ताडून बघण्याचा माझा मुद्दा कुणी खोडलेला नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं हयात रीजन्सी हॉटेल घ्या. १७ जुलै १९८१, लॉबीतले टांगते पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मुळात वरपासून खालपर्यंत सलग गज होते, त्यावर दोन्ही पूल टांगायचे होते. प्रत्यक्षात गज दोन तुकड्यांत बसवले आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईलाच लटकला. मूळ मॉडेलशी ताडणारी यंत्रणा तेव्हा असती तर हे पहिल्याच दिवशी लाल रंगात दिसलं असतं.

भार आणि आधार

मी स्ट्रक्चरलवाली. उदाहरण घेतलंत ते नेमकं तुमच्याच विरुद्ध जातं.

गज कुणी साइटवर गुपचूप तोडले नव्हते. एवढ्या लांब गजाला आटे पाडायचे म्हणजे डोकेदुखी, म्हणून पोलादकाम करणाऱ्यांनी दोन तुकडे सुचवले. तो बदल पोलाद कारखान्याच्या नकाशात आला आणि त्या नकाशांवर इंजिनिअरच्या मंजुरीचा शिक्का पडला. म्हणजे काम मंजूर नकाशाबरहुकूमच झालं. तुमच्या कॅमेऱ्याने ते मंजूर मॉडेलशी ताडलं असतं आणि हिरवी खूण केली असती.

चूक भूमितीत नव्हतीच, भाराच्या वाटेत होती. सलग गजावर वरच्या तुळईखालच्या नटाला फक्त वरच्या पुलाचा भार. दोन तुकडे केल्यावर त्याच नटावर दोन्ही पुलांचा, म्हणजे दुप्पट. एका झाडाला सोडलेल्या दोरीवर दोन माणसं लटकणं वेगळं आणि दुसऱ्याने पहिल्याचे पाय धरून लटकणं वेगळं. वर मूळ जोडही नियमाला पुरेसा नव्हताच. हे स्कॅनमध्ये दिसत नाही. कुणीतरी कागद घेऊन बसावं लागतं.

आणि माझी भीती इथून सुरू होते. हिरव्या खुणा रोज दिसायला लागल्या की तो कागद घेऊन बसणारा पहिला सुटीवर जातो.

जुना साइट इंजिनिअर

हेच मी मुकादमाच्या भाषेत सांगत होतो. तुम्ही नीट मांडलंत.

ओळंबा

मान्य, उदाहरण चुकलं. बदल मंजूर होतो तिथे माझं यंत्र आंधळं आहे. पण धागा मागे घेत नाही. रोज छळतात त्या चुका हयातच्या जातीच्या नसतात. पाइप जाण्यासाठीची नळी (स्लीव्ह) बीममध्ये टाकायची राहिली, सॉकेट दाराच्या मागे गेलं, या जातीच्या असतात. तिथे हिरवी-लाल खूण चालते.

येत्या आठवड्यात आमच्या स्लॅबवर यंत्रानेच आखणी आहे. आवृत्ती क्रमांक स्लॅबवरच छापायला सांगितलाय, जुन्या इंजिनिअर साहेबांच्या कृपेने. आणि वीटकाम सुरू होण्याआधी टेपने दोन्ही कर्ण मोजणार.

जुना साइट इंजिनिअर

कर्ण जुळले तरी फसाल. यंत्राला जागा दाखवणाऱ्या टोटल स्टेशनच्या (मोजणीच्या दुर्बिणीच्या) तिवईला कुणाचा पाय लागला असेल तर अख्खी आखणी जशीच्या तशी फिरते, चौकोन चौकोनच राहतो. खालच्या मजल्यावरून निदान दोन खुणा ओळंब्याने वर आणा आणि त्यांच्याशी जुळवा.

खांद्याचा धनी

आणि खुणा धरायला पोरगा नवा असेल तर सांगा, ओळंबा झुलायचा थांबल्यावर वाचायचा. मागच्याने झुलतानाच वाचला होता.