मुलांना समुद्रात पोहायला कुठे नेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची. नाताळच्या सुट्टीत कोल्हापूरहून भाचे येताहेत, एक ९ वर्षांचा, एक १३ चा. दोघेही विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेत, पण समुद्र म्हणजे विहीर नव्हे, हे त्यांना पटत नाही.

गेल्या वर्षी बागा किनाऱ्यावर धाकटा गुडघाभर पाण्यात उभा होता. लाट परतताना पायाखालची वाळू सरकली आणि तो बसकण मारून आत ओढला गेला. जीवरक्षकाची शिट्टी आणि माझी किंकाळी एकदमच. त्याचा दंड मी इतका घट्ट धरला होता की वळ उठले. तेव्हापासून लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, लाल झेंडा दिसला की पाण्यात पाय नाही, हा आमचा नियम.

यंदा दक्षिण गोव्यात काणकोणच्या पाळोळे किनाऱ्यावर न्यावं म्हणते. अर्धचंद्रासारखा किनारा, लाटाही बेताच्या. काणकोणकरांनो, लहान मुलांसाठी तिथला कुठला भाग बरा? भरतीला जावं की सुकतीला? कयाकवर (वल्ह्याची छोटी होडी) ९ वर्षांच्या मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळतं का? मोठ्यांचं जॅकेट पाण्यात वर सरकून गळ्याशी येतं, ते मला नको. थोरल्याला पॅरासेलिंग हवंय. स्वतःचं लेकरू कुणी पाठवलंय का? अनुभव सांगा.